साबणाची वडी झिजतच नाहीये: हात धुवा मोहिमांनी खरंच काही फरक पडतो का?

खडूफळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते पाचवी, पट ६२. दरवर्षीप्रमाणे १५ ऑक्टोबर तोंडावर आलाय, म्हणजे जागतिक हात धुवा दिन, आणि दरवर्षीप्रमाणे ग्रुपवर मेसेज येऊन पडलाय की कार्यक्रम घ्या, फोटो टाका. घेतो आम्ही. पोरं ओळीत उभी करतो, सुमन-के म्हणवून घेतो (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई, हात धुण्याच्या सहा पायऱ्या, हिंदीतून आलंय ते तसंच चिकटलंय), फेस दिसेल असा एक फोटो, सरपंचांचा एक फोटो, झालं.

पोरांना सगळं पाठ आहे हो. दुसरीतलं पोरगं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल की संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत नाहीतर जंतू पोटात जातात. आणि तेच पोरगं खिचडीची घंटा झाली की ताट घेऊन सुसाट पळतं, नळाखाली हात धरला न धरला, चड्डीला पुसला, बसलं पंगतीत.

गेल्या वर्षी मी एक केलं. कार्यक्रमाच्या दिवशी नवी वडी ठेवली आणि तिच्यावरचं छापलेलं नाव कधी पुसलं जातंय ते बघायचं ठरवलं. डिसेंबरात वडीला तडे गेले होते, नाव शाबूत, एका कडेला कोळ्याने जाळं केलेलं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपण हा जो अर्धा तास घालवतो तो नेमका कोणासाठी घालवतो.

तर प्रश्न असा की हे आमच्याच शाळेचं आहे का सगळीकडे असंच आहे? आफ्रिकेत, बांगलादेशात, आपल्याकडे एवढ्या मोठाल्या मोहिमा झाल्या, त्यानंतर लोक हात धुतात का हे कोणी मोजलंय का? लोकवर्गणीतले तीन हजार शिल्लक आहेत, मुख्याध्यापक म्हणतात प्रबोधनाचा फ्लेक्स करू. मला फ्लेक्स नकोय पण त्याऐवजी काय ते सांगता येत नाहीये. जाणकारांनी लिहावं.


तिरपागडा

फ्लेक्सच करा सर. पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला तरी होतो.

बाकी तुम्ही एकटे नाही. २०१४ ला याच दिवशी मध्य प्रदेशात पावणेतेरा लाख लोकांनी हात धुतले म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. १६ तारखेला त्यातल्या किती जणांनी धुतले त्याची नोंद कुठल्याच बुकात नाही.


रानजाई

खडूफळा सर, वडीचा प्रयोग फार आवडला, तुम्हाला कल्पना नसेल पण या विषयात काम करणारे लोक अक्षरशः तेच करतात, फक्त महागड्या यंत्राने. त्यावर नंतर कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

मी सार्वजनिक आरोग्यात आहे, बरीच वर्षं याच्या आसपास घालवलीत. मोजलंय का विचारता तर हो, भरपूर मोजलंय, आणि सुरुवातीचाच आकडा वाईट आहे: २०१४ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला होता, त्यात संडासहून आल्यावर साबणाने हात धुणारे निघाले फक्त १९ टक्के. म्हणजे पाचातला एक. गरीब देशांत त्याहून कमी.

पण मला सांगायचंय ते चित्तूरचं. आंध्रातला चित्तूर जिल्हा, तिथल्या १४ गावांत एक मोहीम झाली, नाव सुपरअम्मा. सात गावांत मोहीम राबवली आणि सात गावं तुलनेसाठी तशीच ठेवली. मोहिमेआधी घरात माणूस बसवून नुसतं बघितलं, न विचारता, की संडासनंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी साबण लागतो का हाताला. उत्तर होतं एक-दोन टक्के! शंभरातून एक-दोन वेळा! आणि साबण घरात नव्हता असं नाही हं, साबण होता, अंघोळीला होता, कपड्याला होता.

आता यांनी काय केलं नाही ते आधी सांगते. जंतू, जुलाब, आजार, डॉक्टर यातला एक शब्द मोहिमेत घेतला नाही. का, तर लोकांना ते माहीतच होतं, तुमच्या दुसरीतल्या पोरासारखं. माहीत असून धुत नव्हते म्हणजे माहिती कमी पडत नव्हती. त्यांनी दोन पात्रं उभी केली. एक सुपरअम्मा, ॲनिमेशनमधली एक चुणचुणीत आई, पोराला चांगल्या सवयी लावते, ते मोठं होऊन नाव काढतं, त्या सवयींत हात धुणं एक. आणि दुसरा लड्डू लिंगम म्हणून एक घाणेरडा माणूस, नको तिथे हात घालतो आणि त्याच हाताने लाडू वळतो आणि लोकांना खायला देतो. गावात स्किट व्हायचं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून ईऽऽ करायच्या. मग सगळ्यांसमोर शपथ वगैरे. म्हणजे एकीकडे किळस, दुसरीकडे आईपणाचा अभिमान, आणि तिसरीकडे शेजारीण धुते मग मी नाही धुतले तर कसं दिसेल हे.

सहा आठवड्यांनी परत माणसं बसवली. मोहिमेच्या गावांत १९ टक्के, बाकीच्यांत ४. सहा महिन्यांनी ३७ आणि ६. नंतर उरलेल्या सात गावांतही मोहिमेची छोटी आवृत्ती केली, आणि वर्षाने बघितलं तर दोन्हीकडे २९. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय हे, २०१४. यामागे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या वॅल कर्टिस होत्या, बाईंनी आयुष्य किळस या एका भावनेच्या अभ्यासात घालवलं, २०२० साली गेल्या. त्यांनीच आधी घानामध्ये टीव्हीवर एक जाहिरात करवली होती, आई संडासातून बाहेर येते, हाताला जांभळं काहीतरी चिकटलंय, आणि त्याच हाताने ती पोरांना जेवायला देते आणि ते जांभळं घासात जातं. बस. आजाराचं नाव नाही.

आता कोणी म्हणेल ३७ म्हणजे नापासच की. असेल. पण एकवरून ३७.


तिरपागडा

वा, आकडे झकास. पण घानाच्या जाहिरातीनंतर साबणाचा वापर वाढला म्हणतात, तो लोकांनी स्वतः सांगितलेला ना? विचारलं, धुता का, म्हणाले धुतो. मला पण कोणी विचारलं रोज व्यायाम करता का तर मी काय सांगणार आहे.

आणि एक मुद्दा राहतोय. या सगळ्याच्या पाठीमागे साबण कंपन्या किती आहेत ते पण सांगा. २०१३ च्या कुंभमेळ्यात लाईफबॉयने २५ लाख पोळ्यांवर ठसा उमटवला होता, हात धुतले का म्हणून. प्रबोधन म्हणायचं की जाहिरात? केरळात याच शतकाच्या सुरुवातीला जागतिक बँक आणि साबण कंपन्या मिळून अशीच हात धुवा मोहीम आणत होत्या, तिथल्या लोकांनी आम्हाला काय स्वच्छता शिकवता म्हणून बोंब ठोकली आणि ती गुंडाळावी लागली. मला त्या केरळवाल्यांचं पटतं.


टँकर_नंबर_चार

मी लातूरचा. वरचं सगळं वाचलं, छान आहे, पण एक विचारू का, किळस बिळस ठीक आहे पण पाणी?

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, आठवत असेल सगळ्यांना, पेपरात फोटो होते. तेव्हा आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर, घागरी मोजून. माझी आई भांडी घासलेल्या पाण्याने फरशी पुसायची आणि तेच पाणी संडासात टाकायची. त्या बाईला तुम्ही सांगा वीस सेकंद हात चोळा. अहो ती वीस सेकंद चोळेल पण नंतर धुवायला जे तांब्याभर लागतं ते पोराच्या पिण्यातून जातं. २०२० मध्ये जगात २३० कोटी लोकांच्या घरी हात धुवायची साबण-पाण्याची सोय नव्हती, त्यातल्या ६७ कोटींकडे तर काहीच नव्हतं, हे आकडे युनिसेफ आणि डब्ल्यूएचओचे आहेत माझे नाहीत. कोरोनात टीव्हीवर मोठे मोठे नट हात धुवून दाखवत होते आणि नळ चालू ठेवून!! माझा जीव खालीवर व्हायचा ते पाणी बघून.

दुसरं म्हणजे बादली आणि मग. यावर कोणी बोलत नाही. नळ नसला की एका हाताने मग धरायचा आणि दुसरा हात धुवायचा, मग हात बदलायचा. घाण हाताने मग धरला, धुतलेल्या हाताने परत तोच मग धरला. झालं का नाही मुसळ केरात. पूर्वी दुसऱ्याने पाणी घालायची पद्धत होती ती काय उगाच नव्हती.

सर तुमच्या शाळेत पाण्याचं काय ते आधी सांगा मग बाकीचं.


खडूफळा

सगळ्यांचे आभार. लातूरकर, तुमचं खरंय. शाळेत बोअर आहे, टाकी आहे, जानेवारीपर्यंत पाणी पुरतं, नंतर ग्रामपंचायतीच्या मनावर. नळ तीन, त्यातला एक चालू. संडास मैदानाच्या पार त्या टोकाला आणि नळ स्वयंपाकाच्या खोलीपाशी. साबण ऑफिसात, कपाटात. कारण बाहेर ठेवला की जातो.

हे टाइप करताना मलाच कळलं की साबण का झिजत नाही.


पी_व्हॅल्यू

सर तुमच्या शेवटच्या चार वाक्यांत निम्मा विषय आला, पण तिरपागडांनी मोजण्याचा मुद्दा काढला आहे आणि तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे म्हणून जरा लांबण लावतो.

विचारून कळत नाही, शंभर टक्के मान्य. आपल्याच नॅशनल सँपल सर्व्हेच्या ७६व्या फेरीत, २०१८ ची, घरोघर विचारलं तर शौचानंतर साबणाने हात धुतो म्हणणारी घरं ७४ टक्के. आणि वर रानजाईंनी सांगितलेल्या चित्तूरच्या गावांत आत बसून बघितलं तर एक-दोन टक्के. गावं वेगळी, साल वेगळं, प्रसंगही वेगवेगळे मोजलेले, तरी एवढी दरी निव्वळ त्यामुळे पडत नाही. घानाचंही तिरपागडा म्हणतात तसंच, वाढलेला आकडा लोकांनी सांगितलेला होता.

बरं मग बसून बघा. तर त्यातही गोची. बांगलादेशात काही लोकांनी साबणाच्या वडीच्या आत मोशन सेन्सर घातला, दिसायला साधी वडी, आत यंत्र, किती वेळा हलली ते टिपतं. (रानजाई म्हणतात ते महागडं यंत्र हेच.) आणि मग एक दिवस घरात निरीक्षक बसवला. त्या दिवशी वडी नेहमीपेक्षा ३५ टक्के जास्त हलली! पाहुण्यांसमोर आपण जसं पोरांना म्हणतो जा हातपाय धुऊन ये, तसंच. म्हणजे बघून काढलेला कमी आकडासुद्धा फुगलेलाच असतो. तुमची कोळ्याचं जाळं असलेली वडी जास्त प्रामाणिक आहे, विनोद नाही करत.

आता मोहिमा चालतात का. जागतिक बँकेने पेरू, सेनेगल, टांझानिया आणि व्हिएतनाम अशा चार देशांत मोठ्या प्रमाणावर हात धुवा प्रकल्प केला. व्हिएतनाममध्ये लोकांची माहिती थोडी वाढली, हात धुणं वाढलं नाही. पेरूत नुसत्या रेडिओ-पोस्टरने काहीच हललं नाही, जिथे गावात आणि शाळेत माणसं जाऊन प्रशिक्षण दिलं तिथे सवय थोडी सुधारली पण पोरांच्या तब्येतीत फरक सापडला नाही. मोठी मोहीम म्हणजे पातळ मोहीम, ताकात पाणी घालत गेलं की शेवटी पाणीच उरतं.

उलट टोक कराचीचं. २००२-०३ मध्ये तिथल्या झोपडपट्ट्यांत कुटुंबांना फुकट साबण दिला आणि दर आठवड्याला कार्यकर्ती घरी. पाच वर्षांखालच्या पोरांचा न्यूमोनिया निम्मा झाला, पंधरा वर्षांखालच्यांचे जुलाब ५३ टक्क्यांनी कमी. लॅन्सेट २००५, या विषयातला सगळ्यात जास्त मिरवलेला अभ्यास. (पैसा साबण कंपनीचा होता, तिरपागडा, नोंद घ्या. पण अँटिबॅक्टेरियल साबण आणि साधा साबण दोन्हीचा परिणाम सारखाच निघाला आणि तो कंपनीच्या पैशाने छापला गेला, हेही नोंदवा.) मिरवत नाहीत ते पुढचं. दीडेक वर्षाने तेच लोक परत तिथे गेले. फुकट साबण बंद झालेला, कार्यकर्ती येत नव्हती. हात धुवायची जागा बऱ्याच घरांत टिकली होती, हात चोळायची पद्धतही थोडी टिकली होती, पण साबणाची खरेदी बाकीच्यांइतकीच आणि जुलाबही बाकीच्यांइतकेच.

आणि मग २०१८ साली बांगलादेश आणि केनिया, दोन्हीकडे एकाच धर्तीचा अभ्यास. बांगलादेशात तुलनेच्या गटात पोरांचे जुलाब ५.७ टक्के, हात धुण्याच्या गटात ३.५. केनियात शून्य फरक. बांगलादेशात कार्यकर्ती महिन्यातून कितीतरी वेळा घरी, केनियात महिन्यातून एखादी फेरी. हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही पण माझा कौल तिकडे. पोरांची उंची वाढेल अशी मोठी आशा होती, ती दोन्हीकडे फोल ठरली.

म्हणजे माझं मत विचाराल तर हात धुणं चालतं, हात धुण्याचं भाषण चालत नाही.


तिरपागडा

साधा साबण सारखाच निघाला हे माहीत नव्हतं. तेवढ्यापुरती माघार. तेवढ्यापुरतीच.


माईंचा_ओटा

मी इथे जास्त वाचतेच, लिहीत नाही, वय ७१, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे म्हणता लोक हात धुत नाहीत. आमच्या घरात कोणी हात न धुता पानावर बसलेलं मला आठवत नाही. पण पाण्याने. नुसतं पाणी. आणि साबण कधी तर जेवल्यावर! रस्सा खाल्ला, बोटं तेलकट झाली, वास येतोय, मग साबण लावून खसाखसा. विचार करा, तुमच्या घरी पण हेच असेल. म्हणजे आपल्याला हात धुणं म्हणजे जे दिसतंय, ज्याचा वास येतोय ते घालवणं. जेवायच्या आधी हात स्वच्छच दिसतो की, त्याला साबण कशाला.

लहानपणी परसात राखेचं डबडं असायचं, बाहेरून आलं की राख. माझ्या आजीला जंतू हा शब्द माहीत नव्हता पण राख लावल्याशिवाय ती माठाला हात लावू द्यायची नाही, रट्टाच. ते सगळं सोवळ्यापायी, आणि त्यातलं बरंचसं वाईटच होतं, कोणाला शिवायचं नाही वगैरे, मला ते परत नकोय. पण राखेचं डबडं वाटेत असायचं हे मात्र खरं. संडासकडून घरात यायची वाटच त्याच्यावरून होती.


रानजाई

माई!!! तुम्ही लिहीत जा हो. जेवणाआधी पाणी आणि जेवणानंतर साबण, हे मी आंध्रात, कर्नाटकात, सगळीकडे बघितलंय आणि कधी असं सरळ शब्दांत मांडता आलं नाही. पी_व्हॅल्यू, तुमच्याच त्या फेरीत जेवणाआधी साबण म्हणणारी घरं ३५.८ टक्के आणि नुसतं पाणी म्हणणारी ६०.४ टक्के आहेत ना? तेच हे.

आणि "डबडं वाटेत" यावरून बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांची गोष्ट आठवली, सर ही खास तुमच्यासाठी. तिथे एक शब्द शिकवला नाही. संडासापासून हात धुवायच्या जागेपर्यंत फरसबंदी वाट केली, तिच्यावर भडक रंगाने पावलं काढली, आणि हात धुवायच्या जागी हाताचे पंजे काढले. पोरं ती. पावलं दिसली की त्यावर पाय टाकत जाणारच. आधी संडासनंतर साबणाने हात धुणारी पोरं ४ टक्के, पावलं काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी ६८, आणि सहा आठवड्यांनी ७४. भाषण नाही, पोस्टर नाही, सुमन-के तर नाहीच.

दोनच शाळा होत्या, तुलनेला दुसरी शाळा नव्हती, पी_व्हॅल्यू आता हेच म्हणणार आहेत म्हणून आधीच सांगून टाकते. नंतर वीस शाळांत मोठा अभ्यास झाला, निम्म्यांत पावलं, निम्म्यांत जोरदार आरोग्यशिक्षण, पाच महिन्यांनी दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणजे जे काम शिकवून शिकवून होतं ते एका रंगाच्या डब्यात होतंय.

पोरांच्या बाबतीत अजून एक, इराकमध्ये विस्थापितांच्या छावणीत पारदर्शक साबणाच्या वडीत छोटं खेळणं घालून दिलं होतं, साबण संपवल्याशिवाय खेळणं हाताला लागत नाही. साधा साबण आणि नेहमीचं प्रबोधन मिळालेल्या पोरांपेक्षा ही पोरं चौपट हात धुवायला लागली. मला हे वाचून हसूच आलं होतं, आपल्याकडे पूर्वी पावडरच्या डब्यात काहीबाही निघायचं त्याची आठवण झाली.


पी_व्हॅल्यू

दोनच शाळा होत्या, तुलनेला दुसरी शाळा नव्हती.

:) बाकी सहमत. फक्त भर घालतो, सवयीला वेळेची खुंटी लागते. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात घरांत साबणाचे डिस्पेन्सर दिले होते, आत लपवलेला सेन्सर, आणि मुद्दाम एकच वेळ धरली, रात्रीचं जेवण. दिवसातून दहा वेळा धुवा असं काही नाही. त्या घरांतल्या पोरांचे जुलाब आणि सर्दी-खोकला कमी झाला, वजन-उंचीतसुद्धा फरक दिसला. तुमच्याकडे ती खुंटी आयतीच आहे, खिचडीची घंटा. फिलिपाइन्समध्ये शाळांत रोज ठरलेल्या वेळी सगळी पोरं एकदम रांगेने हात धुतात, दिवस साजरा करत नाहीत, रोज. तुम्ही १५ तारखेला जी रांग लावता तीच रोज घंटेआधी पाच मिनिटं लावली तर?


टँकर_नंबर_चार

पाण्यावर परत कोणी बोललं नाही ते सोडा, मीच सांगतो. टिपी टॅप करा सर. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, त्याला वरच्या अंगाला खिळा तापवून भोक, कॅन दोन खांबांमध्ये आडव्या दांडीवर टांगायचा, कॅनच्या तोंडाला सुतळी आणि सुतळीच्या खालच्या टोकाला जमिनीलगत काठी. काठीवर पाय दिला की कॅन वाकतो, बारीक धार येते, पाय काढला की बंद. हाताने कशालाच शिवायचं नाही, मगाची भानगड मिटली आणि पाणी नळाच्या मानाने काहीच लागत नाही. मुळात हे झिंबाब्वेमधून आलेलं आहे, दुष्काळी लोकांचीच अक्कल.

पण खरं सांगतो, आमच्या भागातल्या एका शाळेत आठ केले होते, सहा महिन्यांत दोन उरले. सुतळी कुजते, पोरं काठीवर दोन्ही पाय देऊन उभी राहतात, कॅन भरायचं काम कोणाचं ते ठरलेलं नसतं. सुतळीऐवजी नायलॉनची दोरी घ्या आणि भरायची पाळी वर्गावर लावा. आणि हो जानेवारीनंतर हाच उपयोगी पडेल तुम्हाला, नळ नाही.


रानजाई

लातूरकर +१, आणि रागावू नका, पाण्यावर मी गप्प राहिले कारण तुमचं बरोबरच होतं.

साबण चोरीला जातो त्यावर बांगलादेशातलाच उपाय आहे. कपड्याची पावडर, ३० ग्रॅम दीड लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बाटलीत हलवायची आणि झाकणाला भोक. साबणाचं पाणी कोणी घरी नेत नाही. दहा रुपयांच्या पुडीत कितीतरी दिवस निघतात. ज्यांना वडीच हवी त्यांनी जुन्या नायलॉनच्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत घालून टांगावी.


तिरपागडा

मला एक सांगा, हे सगळं तीन हजारात बसत असेल तर मग मोठ्या मोहिमांना कोटी कुठे लागतात? खोचक नाही, खरंच विचारतोय.


पी_व्हॅल्यू

माणसांना. कराचीत दर आठवड्याला जी बाई यायची ना, तिच्या पगाराला. साबण स्वस्तच असतो.

आणि ते मोज्यातल्या साबणाचं, पाण्याचं, सुतळीचं सगळं रोज बघणारं माणूस सरांच्या शाळेत फुकट आहे, म्हणजे सर स्वतः. ते बदलून गेले की पुढे काय हे मला विचारू नका.


खडूफळा

बदलीची यादी मे महिन्यात असते, त्यावर न बोललेलं बरं.

हेडसरांशी बोललो. त्यांना पावलं एकदम पटली, फ्लेक्स रद्द. हिशेब असा झालाय: संडासापाशीच दोन टिपी टॅप, कॅन पोषण आहाराच्या तेलाचे आहेतच. बंद असलेले दोन नळ दुरुस्त, प्लंबर गावातलाच आहे, त्याची पोरगी चौथीत आहे त्यामुळे मजुरी घेणार नाही म्हणतोय. बाटल्या पोरं आणतील. उरलेले सगळे पैसे रंगाला. पाचवीच्या पोरांचे तळपाय कागदावर छापून घेतले आज, त्यांना वाटलं शिक्षा आहे.

लड्डू लिंगमचं स्किट पण करायचं ठरलंय पण आमच्याकडे लाडूऐवजी वडापाववाला करू म्हणतात पोरं. जत्रेतला एक वडापाववाला सगळ्यांनी बघितलाय, जास्त सांगत नाही.

१५ तारखेचा फोटोही टाकणारच आहे, नाहीतर ग्रुपवर फोन सुरू होतात. पण यावेळी वडीवर तारीख कोरून मोज्यात घालतोय आणि दर शनिवारी शाळेच्या वजनकाट्यावर, म्हणजे स्वयंपाकाच्या ताईंच्या तिखट-मिठाच्या काट्यावर, तिचं वजन करून फळ्यावर लिहायचं काम तिसरीला दिलंय. गणिताचा तास होतो.

एक अडचण आहे. मैदानाच्या कडेने वाट शहाबादी फरशीची आहे, काही ठिकाणी नुसता मुरूम. फरशीवर कुठला रंग टिकतो? ऑइलपेंट पावसात निघतो असा अनुभव आहे.


टँकर_नंबर_चार

फरशीला रस्त्यावर पट्टे मारतात तो रंग घ्या, रोड मार्किंगचा म्हणून मागा, हार्डवेअरवाल्याकडे नसला तर तालुक्याला मिळेल. फरशी आधी तारेच्या ब्रशने घासून पूर्ण वाळू द्या. आणि मुरमावर रंग टिकणारच नाही, तिथे एकेका पावलाएवढी फरशीची तुकडी पुरा. आमच्याकडे घराचं काम चाललंय, शहाबादीचे तुकडे पडलेत ढीगभर, बीडकडे कोणी येणारं असेल तर सांगा, पाठवतो.


माईंचा_ओटा

पावलं नळाकडे तोंड करून काढा हो, नाहीतर पोरं उलटी संडासकडे जातील.